केकवरचा इतिहास

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने आणतात ती हवा भरलेली घसरगुंडी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यात एक प्रकार जहाजाचा आहे. चार धुरांडी, ओळीने रंगवलेल्या गोल खिडक्या, आणि जहाज तिरपं: एक टोक वर आभाळात, दुसरं जमिनीला टेकलेलं. मुलं मागून चढतात, टोकाशी पोचतात आणि त्या कललेल्या डेकवरून किंचाळत खाली येतात. बाजूला मोठ्या अक्षरांत नाव असतं, टायटॅनिक.

१४ एप्रिल १९१२ ची मध्यरात्र उलटल्यावर खऱ्या टायटॅनिकचा डेक असाच कलला होता, आणि त्यावरची माणसं अशीच घसरत गेली होती. खाली समुद्राचं पाणी शून्य अंशाच्याही खाली होतं. सुमारे दीड हजार माणसं गेली. ब्रिटिश चौकशीच्या अहवालात तिसऱ्या वर्गातल्या मुलांची संख्या ७९ दिली आहे. त्यातली २७ वाचली.

आज मला अशाच पार्ट्यांबद्दल बोलायचं आहे. वाढदिवसाला ‘थीम’ ठरवण्याची पद्धत आता सगळीकडे आहे, आणि परी, अवकाश, प्राणी संपले की माणसं इतिहासाकडे वळतात. तिथे तयार सामान भरपूर असतं: मुकुट, तलवारी, पिसं, शिडं, पिरॅमिड. हौस चांगली आहे, तिला नावं ठेवायला मी आलेली नाही. पण त्या सामानाबरोबर काय काय घरात येतं, हे कुणीतरी बघायला हवं.

यावर ठरलेलं उत्तर असं की, ‘अहो, किती जुनं झालं ते! आता कोण रडतंय?’ मला हे पटत नाही, कारण काळ मोजून काही ठरत नाही. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इसवी सन ७९ चा. त्याहून जुनं काय हवं? आणि फसफसणारा ज्वालामुखीचा केक करायला काहीच हरकत नाही, तो डोंगर आहे. पण त्यावर त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराचं नाव घालून पायथ्याशी साखरेची माणसं आडवी केलीत, की गोष्ट बदलली. पॉम्पेईच्या राखेत शरीरं कुजून जिथे पोकळ्या राहिल्या होत्या, त्यांत १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्लीने प्लास्टर ओतायला सुरुवात केली. त्या साच्यांत लहान मुलंही आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, तरी ती बघताना पोटात कालवतंच.

म्हणून मी वर्षं मोजत नाही. माझी कसोटी पाहुण्या मुलांवर सोपवलेली आहे. सहा वर्षांचं कोणतंही मूल गोष्ट ऐकताना एक प्रश्न हमखास विचारतं, ‘मग पुढे काय झालं?’ केकच्या टेबलापाशी उभं राहून, सगळ्या मुलांसमोर, आवंढा न गिळता त्याचं खरं उत्तर देता आलं तर थीम खुशाल ठेवा. देता येत नसेल आणि खोटंच सांगावं लागणार असेल, तर दुसरं काही शोधा. टायटॅनिकचं उत्तर एरवी देता येतं, आणि द्यावंही: जहाजावर बावीसशेच्या वर माणसं होती, होड्या वीसच होत्या, त्यांत जास्तीत जास्त ११७८ जण मावले असते, पुढे १९१४ मध्ये देशोदेशींनी मिळून करार केला की जहाजावर असतील तितक्यांना पुरतील एवढ्या होड्या हव्यातच. ही उत्तम गोष्ट आहे, कुठल्याही मुलाला सांगावी अशी. फक्त त्या घसरगुंडीच्या पायथ्याशी उभं राहून ती सांगून बघा. जमत नाही.

आता चाचे. मला चाचे आवडतात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं पक्षपाती वाटलं तर कारण कळेल. चाच्यांची थीम जगभर चालते आणि तिच्यावर कुणी भुवई उंचावत नाही. खरे चाचे कसे होते? एडवर्ड टीच, म्हणजे काळ्या दाढीवाला, नोव्हेंबर १७१८ मध्ये लढाईत मारला गेला, आणि त्याचं मुंडकं जिंकणाऱ्यांच्या जहाजाच्या टोकाशी पुढे आलेल्या वाशाला टांगलं गेलं. त्याचं स्वतःचं गाजलेलं जहाज मुळात गुलामांची वाहतूक करणारं फ्रेंच जहाज होतं. विल्यम किडला १७०१ मध्ये लंडनला फाशी दिलं तेव्हा पहिल्यांदा दोरच तुटला, म्हणून पुन्हा चढवला.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती जॉन किंगची. १७१६ च्या नोव्हेंबरात सॅम्युअल बेलामीच्या चाच्यांनी कॅरिबियन समुद्रात बोनेटा नावाचं जहाज अडवलं. त्यावर एक मुलगा आईबरोबर प्रवास करत होता. चाच्यांची लूटमार पाहून त्याने हट्ट धरला, मलाही यायचं आहे. आई नाही म्हणाली. जहाजाच्या कप्तानाने नंतर जबानीत सांगितलं की अडवलंत तर जीव देईन, अशी धमकी पोराने दिली, आणि आईलाही धमकावलं. शेवटी तो गेला. पुढच्या एप्रिलमध्ये, १७१७ साली, बेलामीचं व्हायडा नावाचं जहाज अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडजवळ वादळात फुटलं. व्हायडाही मुळात गुलामांचंच जहाज. त्यावरचे दोघे सोडून सगळे बुडाले. १९८४ मध्ये ते बुडालेलं जहाज सापडलं. त्यातून वर आलेल्या वस्तूंत एक लहानसा बूट होता, रेशमी मोजा होता आणि पायाचं एक हाड. तज्ज्ञांनी पुढे तपासून सांगितलं की हाड आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचं आहे.

म्हणजे चाचे व्हायची हौस मुलांना तेव्हाही होती, आणि एकाची ती पुरी झाली.

तरीही मी चाच्यांना पास करते. काठावर, पण पास. एक तर ही माणसं आपल्या पायांनी त्या वाटेला गेली होती आणि त्यांचं पुढे काय झालं ते सरळ सांगता येतं: पकडले, फाशी दिले, काही बुडाले. दुसरं असं की, पार्टीतला चाचा खऱ्या चाच्यापासून फार दूर गेला आहे. खजिन्याचा नकाशा, त्यावरची फुली, कैद्यांना फळीवरून चालवत समुद्रात ढकलणं हे बहुतेक गोष्टी लिहिणाऱ्यांचं देणं आहे. व्हायकिंगांच्या शिंगांच्या टोपीचंही तसंच. ती शिंगं व्हायकिंगांनी कधी लढाईत घातली नाहीत. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइथला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर या कलावंताने वेशभूषा केली, तिथून ती डोक्यावर बसली. दाढी लावून आरडाओरडा करणाऱ्या मुलांना त्याने काही फरक पडत नाही.

राजकन्यांबद्दल कुणाला शंका येत नाही, म्हणून एकच सांगते. फ्रान्सच्या राजाची मुलगी इझाबेला हिचं लग्न १३९६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्याशी लागलं तेव्हा तिला सात वर्षं पुरी व्हायची होती. दहाव्या वर्षी ती विधवा झाली. खऱ्या राजकन्येचं नाव केकवर लिहिण्याआधी तिचं आयुष्य जरा वाचून घ्या, इतकंच.

पिसांच्या टोपाला मात्र माझ्याकडून नकार आहे. ‘काउबॉय आणि इंडियन’ या नावाने ही थीम फार वर्षं चालत आली आहे; इंडियन म्हणजे इथे अमेरिकेचे मूळ रहिवासी. मुलांचे दोन गट पाडायचे, एका गटाला हॅट, दुसऱ्याला रंगीत पिसं. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींमध्ये गरुडाचं पीस डोक्यावर लावायचा मान मिळवावा लागे, ते शोभेचं सामान नव्हतं. पण माझं कारण ते नाही, कार्लाइल आहे. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे या जमातींच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. मुलं आली की त्यांचे केस कापत, अंगावरचे कपडे काढून घेत, नावं बदलत, आपसात आपली भाषा बोलायला बंदी करत. शाळा त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून घेई, आपलं काम लोकांना दिसावं म्हणून. १९१८ मध्ये शाळा बंद झाली. तिच्या दफनभूमीत १८० च्या वर मुलं पुरलेली आहेत, आणि २०१७ पासून त्यातल्या काहींचे अवशेष त्यांच्या लोकांकडे परत पाठवले जाताहेत. म्हणजे हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. ज्या पोरांच्या डोक्यावरून त्यांचं जे होतं नव्हतं ते उतरवलं, त्याचीच कागदी नक्कल दुसऱ्या पोरांच्या डोक्यावर चढवायची आणि पुन्हा फोटो काढायचा, हे मला सहन होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई मुलांना ढिशांव-ढिशांवही खेळू देणार नाही. तसं अजिबात नाही.

१९५६ मध्ये रशियातल्या नोव्हगोरोदला उत्खननात भूर्जाच्या सालीचे काही तुकडे मिळाले. तेराव्या शतकातले. त्यावर ओनफिम नावाच्या मुलाने अक्षरं गिरवली आहेत. चित्रांवरून तो सहा-सात वर्षांचा असावा असा अंदाज आहे. एका तुकड्यावर मुळाक्षरं सुरू होतात आणि थोड्याच वेळात कंटाळा आलेला दिसतो, कारण पुढे घोडेस्वार काढला आहे. घोड्याखाली शत्रू आडवा, स्वाराचा भाला त्याच्या अंगात, आणि शेजारी स्वतःचं नाव: ओनफिम. दुसऱ्या एका तुकड्यावर लांब मानेचा, वळलेल्या शेपटीचा प्राणी आहे आणि लिहिलं आहे, ‘मी जंगली श्वापद आहे.’ मला हा मुलगा फार आवडतो. मुलं मारामारी खेळतात, मरून पडतात, उठतात, पुन्हा मरतात. त्यांचं त्यांना कळतं, त्यात कुणी लुडबुड करू नये.

वांधा होतो तो मोठ्यांनी त्याचं सामान विकत आणून मांडलं की. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गिलोटिनची, म्हणजे मान उडवणाऱ्या यंत्राची, खेळणी निघाली होती. जर्मन कवी गटेने आपल्या लहान मुलासाठी, ऑगस्टसाठी, तसं एक आणायला आपल्या आईला सांगितलं. १७९३ च्या डिसेंबरात आजीने लेकाला उत्तर पाठवलं, त्याचा मथितार्थ असा: तुझ्यासाठी हवं ते करीन, पण हे खुनाचं यंत्र विकत घेणार नाही, आणि मुलांच्या हातात असलं काही द्यायचं म्हणजे काय! ज्या महिन्यांत ते यंत्र पॅरिसमध्ये रोज चालत होतं, तेव्हा एका आजीला हे सुचलं. तिला नातवाच्या खेळण्याचं वावडं नव्हतं; दुकानातून ते आणून देणारे हात आपले नसावेत, एवढंच तिने पाहिलं.

असं चुकलं तर ते मोठ्यांकडूनच चुकतं, याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध केक तर मोठ्यांच्याच पार्टीतला आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. नोव्हेंबरात त्या चाचण्या करणारं पथक मोडलं म्हणून वॉशिंग्टनला मेजवानी झाली. तिथला केक अणुस्फोटाच्या ढगाच्या आकाराचा होता, पांढरा, फुगीर. व्हाइस अ‍ॅडमिरल विल्यम ब्लँडी आणि त्यांच्या पत्नी दोघं मिळून तो कापताहेत आणि सगळे प्रसन्न हसताहेत, असा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. हिरोशिमाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. वॉशिंग्टनमधले धर्मगुरू पॉवेल डेव्हिस यांनी तो फोटो पाहून आपल्या प्रवचनात इतका संताप व्यक्त केला की त्याची चर्चा दूरवर पोचली. पुढे त्यांच्या चर्चच्या लोकांनी पेन्सिली, रंगखडू, कागद असं सामान गोळा करून हिरोशिमाला पाठवलं. ते जिथे पोचलं त्या शाळांत होन्कावा शाळा होती, स्फोटाच्या केंद्राच्या अगदी जवळची. तिथल्या मुलांनी आलेल्या रंगांनी चित्रं काढली आणि आभार म्हणून उलट पाठवली. रंगीबेरंगी, आनंदी चित्रं. इतिहासातला एखादा प्रसंग घेऊन मुलांना रंगवायला बसवायचंच असेल, तर मी हा घेईन. ‘मग पुढे काय झालं’ असं विचारलं तर सांगता येतं.

अशा गोष्टी शोधल्या की पुष्कळ निघतात. फ्रान्समधल्या रूफिन्याक गुहेत मऊ भिंतींवर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या, आणि त्यातल्या काही लहान मुलांच्या आहेत. काही इतक्या उंचावर की पोराला कुणीतरी उचलून धरलं असणार. भिंतीला जाड कागद लावा, रंग कालवा, मुलांना आळीपाळीने खांद्यावर घ्या. यजमानांचे खांदे दुखतील, बाकी काही नुकसान नाही.

राहता राहिला एक अवघड भाग: असं निमंत्रण आपल्या मुलाला आलं तर? वर पिसांचा टोप छापलेला आहे, खाली लिहिलं आहे, वेश करून या. पार्टीच्या दिवशी तिथे जाऊन कार्लाइलवर भाषण देऊ नका, वाढदिवस त्या मुलाचा आहे. चार दिवस आधी फोन करा. बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो. पिशवीत सामान मिळालं, घेतलं. घोडे, दोरखंड, हॅट, शेकोटी राहू द्या, टोप तेवढे काढा, एवढं म्हटलं की काम भागतं. आणि एखाद्याला राग आलाच, तर आपलं पोर साध्या कपड्यांत पाठवायचं आणि भेटवस्तू जरा बरी द्यायची.

नमस्कार.