पुलावरची गाडी, पुलाखालची उशी

[दृश्य: संध्याकाळ. बडोद्याचा अटल ब्रिज, वरून]
गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी. 3.5 किलोमीटरचा हा पूल 25 डिसेंबर 2022 ला खुला झाला. संध्याकाळी सातला कठड्याशी उभं राहिलं की तळपायाला बारीक थरथर कळते. ती गाड्यांची. पण खालची जमीनच हलली, तर याच गाड्या पुलाला भारी पडतील की सावरून धरतील?

[दृश्य: दांडिया बाजार. जुन्या घरातली मांडणी, पितळी भांडी]
26 जानेवारी 2001, सकाळी 8 वाजून 46 मिनिटं. झेंडावंदनाची वेळ. कच्छच्या भूकंपाचा भचाऊजवळचा केंद्रबिंदू इथून 300 किलोमीटरहून लांब, तरी ही भांडी वाजली. आजींना अजून आठवतं, आधी कुठलं पातेलं खाली आलं ते.

[दृश्य: टेबल. गोट्यांवर ठेवलेली फळी, त्यावर छोटा पूल]
दोन लवचिक पोलादी पट्ट्या म्हणजे खांब. वर प्लायवूडचा तुकडा म्हणजे रस्ता. फळी हाताने मागेपुढे ओढायची.
आधी रिकामा पूल. झोके भरभर.
आता वाळूची पिशवी, घट्ट बांधून. पट्ट्या त्याच, वजन वाढलं, म्हणून झोका संथ झाला. पण पट्टीच्या बुडाशी बघा, किती वाकते आहे. हललेलं प्रत्येक किलो खांबाकडून जोर मागतं.

[दृश्य: स्प्रिंगवरचा खेळण्यातला ट्रक, अगदी जवळून]
आणि आता पिशवी काढून हा ट्रक. वजन तेवढंच, पण चाकं आणि हौदा यांच्यामध्ये स्प्रिंग. इथे जरा थांबून बघायला हवं. पूल डावीकडे गेला, हौदा मागे राहिला. पूल परतला, तेव्हा हौदा अजून डावीकडेच निघालेला. दोघांची ओढ उलट पडते आणि पुलाचा झोका कमी होतो. लय जुळली तरच, हे मात्र खरं. हेच पुन्हा, सावकाश. आता फळी जोरात ओढू. चाकं घसरली, ट्रक कलंडला, आणि मघाची मदत आटली.

अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रेनो इथल्या प्रयोगशाळेत हे मोठ्या मापात झालं. खऱ्या पुलाच्या दोन-पंचमांश आकाराचा वळणदार पूल, वर सहा खरे ट्रक, खाली हलणारी चार टेबलं. निष्कर्ष आपल्या फळीसारखाच निघाला. गाड्यांमुळे पुलाला फायदा झाला, पण हादरे वाढवत नेले तसा तो कमी होत गेला.

[दृश्य: पुन्हा पूल. डंपर, बस, दुचाकी]
आपल्याकडे पूल आखताना भूकंपाच्या हिशेबात रस्त्याला आडव्या दिशेने गाड्यांच्या भाराचा 20 टक्के भाग धरतात. रस्त्याच्या दिशेने धरत नाहीत, कारण चाकं तिकडे फिरू शकतात. पूर्ण भरलेल्या पुलावर नेमका भूकंप यावा, हा योग विरळा, म्हणून 20. मला हा आकडा पटतो. दुचाकींची रांग लांब दिसते, वजन थोडं असतं. पण वाळूने भरलेले डंपर एकामागे एक थांबलेले असतात, तेव्हा तो आकडा मनात टोचतो.



[दृश्य: एका जुन्या पुलाखाली. टॉर्चचा उजेड]
बडोदा 2016 च्या भूकंप-नकाशात क्षेत्र 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात आहे. म्हणून वरच्या गाड्या पाहून झाल्यावर आम्ही खाली आलो. खांबाचा माथा आणि गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी तुळई, यांच्यामध्ये ही रबराची उशी, बेअरिंग म्हणतात ती. वरचा भार खांबावर उतरवते आणि गर्डरला थोडं सरकू देते. गाडी असो की भूकंप, जोर इथूनच खाली जातो. त्यामुळे पूल किती सोसेल, याचं बरंचसं उत्तर या बोटभर फटीत असतं.
या उशीच्या कडा फाटल्या आहेत. वरच्या सांध्यातून पावसाचं पाणी झिरपतं, धूळ साचते, तिचा घट्ट थर होतो. सरकायला जागाच उरलेली नाही. थरात पिंपळाचं रोप रुजलंय.
हा माती काढण्याचा प्रश्न आहे. शिडी, टॉर्च, खरवडणं, आणि वर्षातून एकदा कुणीतरी इथे वर चढणं.

[दृश्य: बेअरिंग, अगदी जवळून. वरून ट्रक जाण्याचा आवाज. रोप हलतं]