स्टेडियम पाडलं, कर्ज उरलं

श्रोतेहो, नमस्कार.

२६ मार्च २००० ची सकाळ. अमेरिकेतल्या सिएटल शहरात किंगडोम नावाचं स्टेडियम सुरुंग लावून पाडलं गेलं. काँक्रीटचं ते अवाढव्य छप्पर सतरा सेकंदांच्या आत जमिनीवर आलं आणि आजूबाजूचे रस्ते धुळीने भरून गेले. स्टेडियम सुरू होऊन जेमतेम चोवीस वर्षं झाली होती. त्याच्यावरचं कर्ज मात्र शिल्लक होतं. १९९४ साली छताच्या आतल्या फरश्या निखळून रिकाम्या खुर्च्यांवर पडल्या होत्या, त्या दुरुस्तीचा बोजाही त्यातच होता. ते कर्ज फिटलं २०१५ साली. म्हणजे जागेवर नसलेल्या इमारतीचे पैसे लोक पंधरा वर्षं भरत होते.

कॅनडातल्या माँट्रियलचंही तेच. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं देणं २००६ मध्ये फिटलं, त्यासाठी तंबाखूवर खास कर बसवला होता. तिथे खेळणारा बेसबॉल संघ तोवर शहर सोडून गेलाही होता!

मी खेळावर जीव असलेला माणूस आहे. तुमच्यासारखाच रेडिओला कान लावून सामने ऐकत मोठा झालो. म्हणूनच हे फार लागतं. संघाचा मालक म्हणतो, नवं मैदान द्या, नाहीतर संघ दुसरीकडे नेतो. या एका वाक्यापुढे भलीभली शहरं नमतात. सरकार रोखे काढतं, त्यांची परतफेड करातून होते. तिकिटं, आलिशान कक्ष, मैदानाला नाव देण्याचे हक्क, यांचं उत्पन्न बहुतेक वेळा क्लबकडे जातं. उद्या संघ विकला, तर वाढलेली किंमतही मालकाचीच.

रोजगार वाढेल, असं सांगतात. पण अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षं हे तपासून पाहिलंय आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच आहे: खर्चाच्या मानाने शहराच्या हाती फारसं लागत नाही. साधी गोष्ट आहे. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या दिवशी नाटक-सिनेमाला जात नाही. पैसा तोच, फक्त गल्ला बदलतो. अमेरिकन फुटबॉलचा संघ तर नियमित हंगामात घरच्या मैदानावर आठ-नऊच सामने खेळतो. बाकीचे दिवस तिथे पोटापाण्याचं काम कुणाला मिळणार?

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८० च्या दशकात नव्या बेसबॉल मैदानाचे प्रस्ताव फेटाळले. तरी २००० साली मैदान उभं राहिलं, बहुतांश खासगी पैशातून. संघ आजही तिथेच खेळतो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पहिली कुदळ पडण्याआधी करार लोकांसमोर ठेवा आणि मत घ्या. कर्ज फिटेपर्यंत संघ हलणार नाही, ही अट घाला. संघ विकला गेला तर नफ्यात शहराचा वाटा ठरवा. आणि छत गळायला लागलं तर दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावावर फाटणार, हे त्या करारात स्पष्ट लिहून घ्या.