गाण्याचं वय

मंडळी, मी गात नाही, वाजवत नाही, राग ओळखायला सांगितलात तर दहातले चार बरोबर येतील. तानसेन होता आलं नाही, म्हणून कानसेन झालो. त्यामुळे आज शास्त्र ऐकायला आलेल्यांची निराशा होईल. वेड ऐकायला आला असाल तर बसा.

मला नेहमी एक प्रश्न विचारतात: तुम्ही जुन्या गाण्यांचे की नव्या? आणि दोन्ही आवडतात म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा गडी कुंपणावर बसलाय. माझा हिशेब साधा आहे. गाणं माझ्या कानावर पडलं, त्या दिवसापासून मी त्याचं वय मोजतो. शंभर वर्षांपूर्वीची रेकॉर्ड काल पहिल्यांदा ऐकली असेल, तर माझ्यासाठी ती कालची.

कलकत्त्याच्या नामवंत गायिका गौहर जान यांच्या 1902 सालच्या ध्वनिमुद्रिका घ्या. हिंदुस्थानातलं व्यापारी ध्वनिमुद्रण तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मायक्रोफोन नव्हता. गायिकेनं एका भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, तिच्या आवाजाच्या जोरावर सुई थरथरायची आणि मेणात रेघ कोरली जायची. म्हणजे गाणं अक्षरशः दमानं कोरलेलं. तबकडीवर जागा तीनेक मिनिटांची; तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवायचं आणि शेवटी, गाणं संपतासंपता, मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगायचं, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसांना लेबलवर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही घोषणा.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा खरखरच ऐकू येईल. आवाज लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बरेच जण इथेच बंद करतात, आणि मला त्यांचं वाईट वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कान आपोआप खरखर मागे सारतो आणि बाईंची तान पुढे येते. काय तयारी आहे! तीन मिनिटांत श्वास घ्यायला जागा नाही, तरी घाई कुठेही जाणवत नाही. आणि मग ती शेवटची घोषणा. आत्ताच एवढं गायलेली बाई, आवाजात धाप नाही, उलट थोडा तोरा आहे. तो तोरा मला गाण्याइतकाच आवडतो.

1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गाण्याची तब्येतच बदलली. मायक्रोफोन समोर आल्यावर ओरडायची गरज उरली नाही. बिंग क्रॉस्बीसारखा अमेरिकन गायक कानाशी बोलावं तसा गाऊ लागला. आज एखादी मुलगी खोलीत बसून, माइकला ओठ टेकवून, श्वासासकट गाणं रेकॉर्ड करते तेव्हा लोक म्हणतात, ही काय गाण्याची रीत? अहो, ही रीत जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

वेळेच्या मर्यादेचंही तसंच. तीन मिनिटांच्या तबकडीनं ख्याल आखडला, ठुमरी आटोपशीर केली. 1948 साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली आणि गायकांनी पुन्हा हातपाय पसरले. आता स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय गाणं मोजलं जात नाही. म्हणून बऱ्याच नव्या गाण्यांत सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा गायब, मुखडा थेट अंगावर. मला तो तुकडा हवा असतो, हे खरं. पण तीन मिनिटांच्या सक्तीला कला म्हणायचं आणि तीस सेकंदांच्या सक्तीला बाजार, हा न्याय मला पटत नाही. तेव्हाही बाजारच होता.

‘आमच्या वेळची गाणी’ या शब्दांची मला जरा धास्तीच आहे. मानसशास्त्रज्ञ सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सगळ्यात दाट असतात, आणि त्या काळात ऐकलेली गाणीही तशीच चिकटून बसतात. म्हणजे पुष्कळदा आपण कौतुक करतो ते स्वतःच्या तारुण्याचं; गाणं बिचारं निमित्त. शिवाय जुनं ते सगळं सोनं वाटतं, कारण काळाच्या चाळणीतून कचरा केव्हाच गळून गेलेला असतो. त्याही काळात रद्दी निघतच होती, फक्त ती आज कोणी लावत नाही. म्हणून मला सर्वांत जास्त आनंद देतं ते माझ्या जन्माआधीचं, माझी एकही आठवण न चिकटलेलं गाणं. ते आवडलं तर स्वतःच्या बळावर आवडलं.

नव्या गाण्याला मात्र मी तीनदा ऐकल्याशिवाय शिक्षा सुनावत नाही. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1968 साली दाखवून दिलं की अनोळखी शब्द किंवा चिन्हं नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी माणसाला आवडू लागतात. गाण्याचा धंदा करणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असणार! यात धोका आहेच. काही भिकार गाणी केवळ कानावर आदळून आदळून माझ्या तोंडी बसली आहेत. नावं घेणार नाही, घेतली तर तुम्हीही दिवसभर गुणगुणत बसाल.

शोधायची कशी, हे तरुण मंडळी विचारतात. अ‍ॅप सुचवतं ते ऐका, पण ते तुम्हाला आवडलेल्याच्याच आसपास फिरवत राहतं. मी श्रेयनामावली वाचतो. एखाद्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधली बासरी आवडली, तर ती कोणी वाजवली ते शोधायचं आणि त्या माणसानं आणखी कुठे कुठे वाजवलंय त्याच्या मागे लागायचं. गायकाच्या मागे सगळेच जातात. वादकाच्या मागे गेलात तर भाषा बदलते, दशकं बदलतात, आणि भलत्याच ठिकाणी तीच फुंक ओळखू येते.

आता माझं पुरे. मघाशी काही जणांनी आपापल्या आवडीचं एकेक गाणं आणल्याचं सांगितलं, ती इथे लावूया. अट एकच: कोणत्या सालचं आहे, ते गाणं संपेपर्यंत सांगायचं नाही. चला, पहिलं कोणाचं?