पंप बंद पडल्यानंतरची पहिली दहा सेकंदे

मित्रहो, नागपूरकरांना पाणी कुठून येते हे सांगण्याची गरज नाही. पेंच प्रकल्पातून नवेगाव खैरीमार्गे किंवा कन्हान नदीतून उचललेले पाणी आपल्यापर्यंत कित्येक किलोमीटरच्या नळांतून पोहोचते. या वाटेवर ज्या पंपघरांचा आपण आधार घेतो, तिथली वीज अचानक गेली तर नळात काय घडते आणि ते संगणकावर आधीच कसे पाहता येते, एवढाच आजचा विषय आहे. संगणकापेक्षा त्याला आपण काय सांगतो याबद्दल मी अधिक बोलणार आहे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

वाहते पाणी अचानक थांबले किंवा मंदावले की नळात दाबाची जी लहर उठते तिला जलाघात म्हणतात. त्याचे मूळ सूत्र जुने आहे. निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून 1898 साली ते मांडले. नळातला वेग जितका अचानक बदलतो, त्याला दाबलहरीच्या वेगाने गुणून गुरुत्वत्वरणाने भागले की दाबातला फरक पाण्याच्या मीटरमध्ये मिळतो. लोखंडी नळात ही लहर सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते, म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटरने बदलला तर दाब सुमारे 100 मीटरने बदलतो. पीव्हीसी किंवा एचडीपीई या प्लास्टिकच्या नळाची भिंत ताणली जाते, त्यामुळे तिथे लहर बरीच मंद असते आणि धक्काही कमी बसतो. हा हिशेब कागदावर केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडूच नये, असे माझे मत आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 700 मिलिमीटर व्यासाची, 12 किलोमीटर लांबीची डक्टाइल आयर्नची (लवचीक ओतीव लोखंडाची) रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून वरच्या टाकीपर्यंत पाणी चढवणारा नळ, आहे. तिच्यातून सेकंदाला 1.2 मीटर वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे 40 दशलक्ष लिटर पाणी जाते. टाकी पंपघरापेक्षा 50 मीटर उंच आहे आणि घर्षणात आणखी 20 मीटर जातात, म्हणजे पंपाचे एकूण हेड, पाण्याच्या मीटरमध्ये मोजलेला त्याचा दाब, 70 मीटर झाले. वाटेत सातव्या किलोमीटरवर 45 मीटर उंचीचा एक उंचवटा आहे, आणि पंप चालू असताना तिथे जेमतेम 13 मीटर दाब असतो. वीज गेली की पंपाचा जोर ओसरतो आणि दाब घटल्याची लहर सात सेकंदांत त्या उंचवट्यावर पोहोचते. पंपापाशी दाब 60–70 मीटरने उतरला असेल, तर उंचवट्यावर मुळात असलेले 13 मीटर कुठल्या कुठे जातात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, आणि उन्हाळ्यात 35 अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब धरला तर इथे उणे साडेनऊ मीटरच्या आसपासच पाण्याचे बाष्प होऊ लागते. तिथे पाण्याचा स्तंभ तुटतो, मध्ये पोकळी होते, आणि दोन्ही बाजूंचे पाणी परत येऊन एकमेकांवर आदळते तेव्हा जो दाब चढतो तोच नळ फोडतो. जपानमधील ओइगावा वीजकेंद्रात 1950 साली झडप झटकन बंद झाल्याने पेनस्टॉक, म्हणजे टर्बाइनला पाणी नेणारा नळ, एका ठिकाणी फुटला आणि वरच्या भागात ऋण दाबाने चेपला गेला. आपल्याकडे डक्टाइल आयर्नचा नळ सहसा चेपत नाही, मात्र सांध्यातल्या रबरी रिंगेपाशी शेजारच्या नाल्याचे पाणी आत ओढले जाण्याची भीती असते. दाब वाढण्याचीच काळजी करणारे अभियंते ही बाजू नेहमी विसरतात.

याच उंचवट्यावर टाकीकडून परतणारी, दाब पुन्हा वाढवणारी सुटकेची लहर पहिल्या लहरीनंतर दहा सेकंदांनी पोहोचते, कारण टाकी तिथून पाच किलोमीटरवर आहे. पंप आणि मोटार मिळून दहा सेकंदांहून अधिक काळ सावकाश मंदावत असतील तर उंचवटा बऱ्याच अंशी वाचतो, आणि दोन-तीन सेकंदांत थांबत असतील तर वाचत नाही. म्हणजे या सगळ्या विश्लेषणाचा निकाल फिरत्या भागांच्या जडत्वावर ठरतो. मोटारीच्या कागदांवर बरेचदा जीडी वर्ग (फिरत्या भागाचे वजन गुणिले व्यासाचा वर्ग) हा आकडा दिलेला असतो, सॉफ्टवेअर मात्र जडत्वाचा आघूर्ण मागते, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या चौपट असतो. तो न भागता भरला की पडद्यावरचा पंप खऱ्यापेक्षा कितीतरी सावकाश मंदावतो, आलेख सौम्य दिसतो आणि अहवालात ‘अतिरिक्त संरक्षणाची गरज नाही’ असे छापले जाते. सॉफ्टवेअरची यात काहीही चूक नसते.

बेंटलीचे हॅमर, एएफटी इम्पल्स, डेल्टारेसचे वांडा किंवा पायथॉनमध्ये लिहिलेले मोफत टीएसनेट ही साधने आज उपलब्ध आहेत. एपानेट मात्र या कामाचे नाही, कारण ते दिवसभरातला स्थिर दाब काढते, सेकंदातली लहर नाही. यातली बरीच साधने वैशिष्ट्यरेषांच्या पद्धतीने चालतात. या पद्धतीत नळाचे सारखे तुकडे पाडले जातात आणि एका कालपायरीत लहर बरोबर एक तुकडा ओलांडेल असे जुळवले जाते. पंपघरातला तीन मीटरचा जोडनळ या चौकटीत बसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर गुपचूप त्याची लांबी किंवा लहरीचा वेग बदलते. हा बदल किती झाला, याची नोंद निकालात शोधून वाचावी. शिवाय घर्षण स्थिर प्रवाहाचेच धरले असेल तर प्रत्यक्षात लवकर विरणाऱ्या लहरी पडद्यावर बराच वेळ डोलत राहतात, म्हणून पहिल्या एकदोन शिखरांवर विश्वास ठेवावा, पुढच्यांवर कमी.

उपायांबद्दल थोडक्यात सांगतो. झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (प्रवाह थांबताच, उलटा फिरण्याआधी बंद होणारी झडप), एअर व्हेसल (दाबलेल्या हवेची टाकी), एकमार्गी सर्ज टँक (दाब घटला की नळात पाणी सोडणारी टाकी), फ्लायव्हील (जडत्व वाढवणारे जड चाक), एअर व्हॉल्व्ह (नळात हवा घेणारी व सोडणारी झडप) यांपैकी प्रत्येकाला आपली जागा आहे. एअर व्हॉल्व्हबाबत मात्र सावध राहावे. हवा आत घेताना तो उदार असावा आणि बाहेर सोडताना कंजूष, नाहीतर शेवटचा बुडबुडा निघताच पाणी आदळून नवाच जलाघात होतो. मॉडेलमध्ये आत आणि बाहेर यांचे छिद्र वेगवेगळे भरायचे असते. घाईत दोन्हीकडे एकच आकडा टाकला जातो.

योजना सुरू करताना एक पंप, मग दोन, मग सगळे एकदम बंद करून दाब नोंदवावा. मिनिटाला एक नोंद घेणाऱ्या यंत्रणेला यातले काहीच दिसत नाही. सेकंदाला किमान 100 नोंदी घेणारा लॉगर (दाब नोंदवणारे यंत्र) पंपापाशी आणि उंचवट्यावर बसवावा. मोजलेल्या आणि काढलेल्या आलेखांतली शिखरे वेळेत जुळली नाहीत तर लहरीचा वेग तपासावा, आणि पहिली दरी खोलीत जुळली नाही तर जडत्वाकडे वळावे. ही जुळणी झाली की दुरुस्त मॉडेल सल्लागाराच्या कचेरीत न ठेवता पंपघर चालवणाऱ्यांच्या हाती द्यावे, कारण पाच वर्षांनी नवा पंप बसेल तेव्हा तोच हिशेब त्यांना पुन्हा करायचा आहे.