हिकोने: किल्ला चढावा शत्रूच्या वाटेनं

(दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून बिवा सरोवराकाठची भातशेती)

जपानमधल्या सगळ्यात मोठ्या सरोवराच्या, बिवाच्या पूर्व काठावर हिकोने वसलंय. क्योटोहून 'शिनकाईसोकु' ही जलद गाडी पन्नासेक मिनिटांत इथे पोचवते. तिला जादा आकार नाही, साधं तिकीट चालतं. टोकियोकडून शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं येणाऱ्यांची मात्र हमखास एक चूक होते. ते 'नोझोमी' पकडतात, आणि नोझोमी माइबाराला थांबत नाही. माइबाराला थांबणारी 'हिकारी' किंवा 'कोदामा' घ्यावी, तिथे उतरावं आणि साध्या गाडीनं एक स्थानक पुढे यावं. नागोयाहून साध्या गाडीनं येत असाल तर कागदी तिकीट काढा. माइबाराशी दोन रेल्वे कंपन्यांच्या हद्दी मिळतात, आणि हद्द ओलांडताना टॅप करायचं कार्ड अडू शकतं.

किल्ला सकाळी साडेआठला उघडतो. त्या वेळी फाटकाशी असणं फार सोयीचं, कारण मुख्य मनोऱ्यातले जिने अरुंद आहेत आणि अकरानंतर तिथे रांग लागते. जड सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये ठेवा. पाठीवरची मोठी सॅक त्या जिन्यांवर स्वतःलाही नको होते आणि मागच्यालाही.

(दृश्य: स्टेशनाबाहेरचा घोडेस्वाराचा पुतळा)

हा इइ नाओमासा. 1600 मध्ये सेकिगाहाराची लढाई तोकुगावा इएयासुनं जिंकली, आणि पराभूत बाजूच्या इशिदा मित्सुनारीचा सावायामा किल्ला या विश्वासू सरदाराच्या हाती दिला. माइबाराकडून येताना रूळांलगत दिसते ती सावायामाची टेकडी. नाओमासा 1602 मध्ये वारला. नव्या किल्ल्याचं काम 1604 मध्ये सुरू झालं आणि शहरासकट सगळं पुरं व्हायला 1622 उजाडलं. क्योटोकडे जाणारे रस्ते आणि सरोवरातली जलवाहतूक दोन्हींवर इथून नजर राहायची. म्हणूनच शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या हुकमावरून आसपासच्या प्रांतांतल्या सरदारांनीही या बांधकामाला माणसं पुरवली.

स्टेशनापासून सरळ रस्त्यानं पंधरा मिनिटं चाललं की मधला खंदक लागतो. काठावर पाइनची रांग आहे. पूर्वी 47 झाडं होती, आता 34 उरलीत. या जातीच्या पाइनची मुळं जमिनीवर उघडी पडत नाहीत, त्यामुळे माणसं आणि घोडे अडखळत नाहीत, म्हणून ती मुद्दाम तोसा प्रांतातून आणल्याचं सांगतात.

पुढे सावागुची दरवाज्याची जागा. डावीकडची लांबट इमारत अठराव्या शतकातली, अस्सल. उजवीकडची 1960 मध्ये काँक्रीटमध्ये नव्यानं उभारलेली. दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून लाकूड आणि गिलावा जवळून पाहावा. इथेच किल्ल्याची पागा आहे. 21 घोड्यांची सोय, पातळ लाकडी फळ्यांनी शाकारलेलं छप्पर. जपानच्या दुसऱ्या कुठल्याही किल्ल्याच्या आवारात अशी पागा शिल्लक नाही, तरी बहुतेक लोक तिच्यासमोरून न थांबता पुढे जातात. पाच मिनिटं द्या.

(दृश्य: आतला खंदक, लाकडी पूल, मागे झाडीत चढत गेलेली दगडी भिंत)

पुलापाशी उभं राहून डावीकडे टेकडीचा उतार पाहा. एक दगडी भिंत सरळ वर चढत गेलीय. नेहमीची तटबंदी डोंगराला वेढा घालते, ही त्याला उभी कापते. चढून येणाऱ्या सैन्याला उतारावर आडवं सरकता येऊ नये, दुसरीकडून फट शोधता येऊ नये, एवढंच तिचं काम. हिकोनेत अशा पाच भिंती आहेत. इतर किल्ल्यांत हा प्रकार फार क्वचित दिसतो.

आता चढ. दगडी पायऱ्या पहिल्या वळणापासूनच त्रास देतात. एकीची उंची वीतभर, दुसरीची दीडपट, रुंदीचाही मेळ नाही. बांधणाऱ्यांनी त्या तशाच हव्या म्हणून केल्या. पायांना लय सापडू नये, धावत येणाऱ्याची नजर खाली खिळावी, आणि तेवढ्यात वरून बाण यावेत. आजही माणसं घसरतात ती इथेच, आणि बहुधा उतरताना. पाऊस किंवा बर्फ असेल तर चांगल्या पकडीचे बूट हवेत. हिवाळ्यात इथे बर्फ चांगलंच पडतं.

पायऱ्या संपतात त्या एका खोल खाचेत. ही टेकडी कापून केलेली आहे. डोक्यावर लाकडी पूल, आणि दोन्ही बाजूंना उंच चिरेबंदी. शत्रू इथे पोचला की वरून दोन्हीकडचा मारा त्याच्यावर. पुढे जायला खाचेतून बाहेर पडून, वळसा घेऊन त्याच पुलावर यावं लागतं. आणि तो पूल वेळ आली की खाली पाडता यावा असाच बांधलेला होता.

(दृश्य: तेनबिन यागुरा, पुलाच्या टोकाशी पांढरी इमारत)

पुलाच्या टोकाची ही इमारत म्हणजे तेनबिन यागुरा. मधे दरवाजा, दोन टोकांना दोन बुरूज, जणू तराजूची दोन पारडी. ती नागाहामा किल्ल्यातून उचलून आणली अशी परंपरा आहे. पारडी मात्र नीट पाहिली तर सारखी नाहीत. छपरांच्या आढ्यांची दिशा वेगळी, खिडक्याही वेगळ्या. खालच्या जोत्याकडेही पाहा. पुलाकडे तोंड केल्यावर उजवीकडची चिरेबंदी मूळची, दगडाची लांबी आत आणि अरुंद तोंड बाहेर. बाहेरून ओबडधोबड दिसते, पण पकड जबरदस्त. डावीकडची 1854 च्या दुरुस्तीतली, चिरे तिरपे एकमेकांत बसवलेले. अडीचशे वर्षांत दगड रचायची रीत कशी बदलली ते इथे एका नजरेत दिसतं.

वर घंटा आहे. ती आजही ठरल्या वेळी दिली जाते, आणि दुपारी बाराचा टोल जवळून ऐकण्यासारखा आहे.

(दृश्य: मुख्य मनोरा)

मुख्य मनोरा तीन मजली आणि आकारानं बेताचाच. हिमेजी पाहून आलेल्यांना तो आधी लहान वाटतो. पण राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेल्या जपानच्या पाच मनोऱ्यांतला हा एक आहे, आणि त्याची हकिकत बाकीच्या चारांपेक्षा वेगळी आहे. 1957 ते 1960 दरम्यान तो उतरवून दुरुस्त केला, तेव्हा तुळयांवरच्या जुन्या खुणांवरून कळलं की हे लाकूड आधी एका पाच मजली मनोऱ्याचं होतं. तो मनोरा ओत्सु किल्ल्यातला असल्याचं मानलं जातं. सेकिगाहाराच्या वेळी ओत्सुनं वेढ्यात मोठी फौज अडवून धरली होती, म्हणून त्याचं लाकूड शुभ ठरलं.

आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. जिना 62 अंशांचा, जवळजवळ शिडीच. मोजे गुळगुळीत लाकडावर घसरतात. एक हात कठड्यासाठी मोकळा हवा, म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवा आणि उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी बाहेरच थांबावं, कारण लिफ्ट नाही. मनोऱ्याची बाहेरची बाजूच जास्त देखणी आहे, त्यामुळे फारसं काही हुकत नाही.

भिंतींत त्रिकोणी आणि चौकोनी जंग्या दिसतील. बाहेरून त्या दिसत नाहीत, कारण तोंडावर गिलावा दिलाय. हल्ला झाला की गिलावा फोडायचा आणि मारा सुरू करायचा. पण या किल्ल्यावर हल्ला कधी झालाच नाही. त्याच्या जिवावर बेतलं ते शांततेत. मेइजी काळात, म्हणजे शोगुनांची सत्ता संपल्यावर, देशभर किल्ले पाडले जात होते. 1878 मध्ये हिकोनेचंही पाडकाम सुरू झालं होतं. सम्राटांची स्वारी या भागातून जात होती, आणि त्यांच्या आज्ञेनं ते थांबलं.

(दृश्य: गेनक्युएन बाग, तळ्यात मनोऱ्याचं प्रतिबिंब)

परतताना आल्या वाटेनं उतरू नका. पश्चिमेच्या आवारातून काळ्या दरवाज्याकडे, कुरोमोनकडे उतरा, की समोर गेनक्युएन बाग येते. ती 1677 मध्ये हिकोनेचा चौथा सरदार इइ नाओओकी यानं सुरू केली. तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, झाडांच्या वर मनोरा धरून घेतलेला फोटो सगळ्यात चांगला येतो. तळ्याकाठच्या दालनात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा मिळतो. शेजारच्या राजवाड्यात 1815 मध्ये इइ नाओसुके जन्मला. चौदावा मुलगा, म्हणून गादी मिळण्याची आशा नव्हती. सतरा ते बत्तीस वर्षांचा होईपर्यंत तो खंदकापलीकडच्या एका साध्या घरात राहिला आणि चहाच्या विधीत पारंगत झाला. पुढे तो शोगुनचा मुख्य मंत्री झाला, 1858 मध्ये त्यानं अमेरिकेशी करार केला, आणि 1860 मध्ये एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर त्याचा खून झाला.

जेवणासाठी क्योबाशी पुलापलीकडचा रस्ता धरा. पांढऱ्या भिंती आणि काळ्या जाळ्यांची ही घरं जुन्या धाटणीची, पण अलीकडे बांधलेली. इथे ओमी गोमांसाचा मोठा बोलबाला आहे. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, गोमांस खाणं निषिद्ध असताना हिकोनेहून ते मिसोत मुरवून औषध म्हणून शोगुनला जायचं. शाकाहारी लोकांनी जपून असावं. सोबा-उदोन या शेवयांचं पाणी बहुतेक वेळा माशाचं असतं, आणि या भागातलं प्रसिद्ध लाल कोन्याकुही (कंदापासून केलेला जेलीसारखा पदार्थ) अनेकदा त्याच पाण्यात शिजतं. खात्रीचं हवं असेल तर स्टेशनाजवळच्या दुकानातून उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) किंवा कोंबूचा (समुद्री शेवाळाचा) भातगोळा आधीच घेऊन ठेवा, आणि पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

(दृश्य: सेरिहाशीची अरुंद बोळं)

दुपारचा वेळ सेरिहाशीला द्या. ही पायदळातल्या शिपायांची वस्ती, बाहेरच्या खंदकापलीकडची. शहर वसवताना सेरी नदीचा प्रवाह वळवून सरळ सरोवराकडे नेला, आणि नदी व खंदक यांच्या मधल्या पट्ट्यात शिपायांची घरं उभी केली. हल्ला झालाच तर पहिला धक्का यांनी सोसायचा. बोळं इतकी अरुंद की मोटार अंग चोरून जाते. काही चौकांत रस्ते समोरासमोर मिळत नाहीत, हात-दोन हात सरकलेले असतात, म्हणजे लांबवर नजर जात नाही. एका कोपऱ्यावर पहाऱ्याचं घर अजून उभं आहे, आणि त्याच्या खिडकीतून दोन्ही बोळं दिसतात. फोनवरचा नकाशा इथे गोंधळतो. किल्ल्याची टेकडी दिसत राहील असं चाला. मात्र ही राहती घरं आहेत, तेव्हा आवाज कमी ठेवा आणि दारांचे फोटो काढू नका.

इथून स्टेशन पायी अर्धा तास. सकाळी स्टेशनावरून सायकल भाड्यानं घेतली असेल तर दहा-बारा मिनिटं, पण ती परत करायची वेळ आधीच विचारून ठेवा. शिनकाईसोकु संध्याकाळीही वारंवार सुटते, त्यामुळे परतीची गाडी ठरवून येण्याची गरज पडत नाही.