लेडीज आणि जनरल

(सीएसएमटीसमोरचा रस्ता. सिग्नलला थांबलेली गर्दी.)

१४ मार्च २०१९. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास इथला हिमालय पूल खाली आला. त्या रात्री मृतांचा आकडा होता ६. तीन बायका, तीन पुरुष. तिघी जणी जवळच्या जीटी रुग्णालयात कामाला.

अपघात कुठलाही असो, न्यूज डेस्कवर वाक्य ठरलेलं असतं : ‘३ महिलांसह ६ ठार.’ मीही ते वर्षानुवर्षं टाइप केलंय. बोटं आपोआप जातात. पुरुष किती गेले, ते वाचकानं वजाबाकी करून काढायचं.

(हाताने लिहिलेल्या यादीवर कॅमेरा सरकतो.)

रुग्णालयातून यादी येते तेव्हा तसं नसतं. नाव, वय, पुढे ‘स्त्री’ किंवा ‘पु’. प्रत्येकासमोर. हा ‘पु’ गळतो तो आमच्याकडे. जागा नसते म्हणून? छे. ‘६ ठार’ तर त्याहून आटोपशीर. ‘महिलांसह’ मुद्दाम घातलेलं असतं, हळहळ वाढावी म्हणून.

(फलाट. लोकल शिरते आहे.)

आपल्या लोकलमध्येही हेच. बायकांचा डबा लेडीज. बाकीचा जनरल. ‘पुरुषांचा डबा’ असं कुणी म्हणतं का?

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, ते फर्स्ट क्लासच्या अशाच जनरल डब्यांत. ऑफिस सुटायची वेळ. डबे पुरुषांनी खच्चून भरलेले. १८० हून जास्त माणसं गेली. बातमीत ती ‘प्रवासी’ होती.

९ जून २०२५. मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी चौघे गेले. चारही पुरुष. पुन्हा ‘प्रवासी’. दारात बहुतेक वेळा कोण लटकतं, का लटकतं, हे विचारायला मग शब्दच उरत नाही.

(चाळीचा जिना. दाराबाहेर चपला.)

रिपोर्टिंगला होतो तेव्हा अशा घरांत गेलोय. बाई गेली असेल तर आमचा प्रश्न : मुलं केवढी आहेत? पुरुष गेला असेल तर : घरात कमावणारं आणखी कोण?

गेलेली बाई नोकरी करणारी होती, अशीही घरं त्यात होती. तिथे दुसरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.