पाय दाबला, पण क्लच सुटेना

मंडळी, जुन्या गाड्यांची माणसं एकत्र बसली की क्लचचा, म्हणजे गिअर बदलताना इंजिनला चाकांपासून तोडणाऱ्या भागाचा, विषय निघतोच. तक्रार ठरलेली असते: "पेडल जमिनीला टेकतंय, तरी गिअर पडत नाही, खर्रर्र आवाज येतो." आणि लगेच पुढे, "मिस्त्री म्हणतोय गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आज मला बोलायचंय ते या दोन वाक्यांच्या मधल्या कामाबद्दल. ते कुणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी खात्री करा की दोष क्लचचाच आहे. इंजिन आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबा, मनात दहा अंक मोजा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. दहा अंकांनंतरही दाते करकरले, तर क्लच प्लेट, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती, अजून फिरतेय. रिव्हर्स शांतपणे पडला आणि पुढचा एखादा गिअर कुरकुरला, तर क्लचला हात लावू नका. सिंक्रो झिजलाय.

आता मूळ गोष्ट. तुमचा पाय चौदा-पंधरा सेंटिमीटर खाली जातो. त्या टोकाला क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे सरकते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. एवढ्याशा फटीत क्लच प्लेट मोकळी होते. म्हणजे वाटेत कुठेही थोडीशी हालचाल गळाली की फट उरतच नाही. पेडलची तरफ पाचास एक असेल, तर तिच्या जोडाजवळची पिन एक मिलिमीटर झिजली की पायाखालचे पाच मिलिमीटर गेले. असे तीन-चार जोड असतात, मंडळी.

एक मॉरिस मायनर माझ्याकडे आली होती. १९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडमध्ये बनलेली ही गाडी. हिंदुस्थान मोटर्सची 'बेबी हिंदुस्थान' म्हणजे तिचंच भावंड. मालकांनी एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, सगळं नवं घातलं होतं. क्लच तरी सुटत नव्हता. मायनरचा क्लच ऑइलवर चालत नाही. पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत सळ्या आणि पिनाच असतात. मी टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेऊन खाली आडवा झालो आणि त्यांच्या मुलीला म्हटलं, "बाळ, पेडल हळूहळू दाब." पेडल निम्मं खाली आलं तरी लिव्हर जागचा हलला नव्हता. पिन काढली तर तिला मधोमध चक्क कंबर आली होती, आणि जे भोक गोल हवं ते चिंचोक्यासारखं लांबट झालं होतं. लेथवाल्याकडून पिन करून घेतली, भोकात बुश (धातूची बारीक नळी) बसवलं, सळीचा नट फिरवून प्ले, म्हणजे पेडलची मोकळी हालचाल, लावला. गाडी संध्याकाळी घरी गेली. नवी प्लेट घालायची गरजच नव्हती.

म्हणून माझा आग्रह असतो की पहिलं हत्यार स्टीलची पट्टी. पाना नंतर.

ऑइलवरचा क्लच असेल तर मोजमाप आणखी सोपं. एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचं उदाहरण घ्या, १९६२ ते १९८० ची. तिच्या प्लेटपर्यंत पोचायचं तर इंजिनच बाहेर काढावं लागतं, त्यामुळे तिथे घाई फार महागात पडते. गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारी सळी) पेडल दाबल्यावर साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर सरकायला हवा. सात-आठच सरकला, तर दोष बाहेर आहे. ऑइलच्या नळीत अडकलेली एअर काढा. पुशरॉड पूर्ण सरकतो, पण पेडल दाबूनच ठेवलं की हळूहळू मागे येतो? कुठे गळती दिसत नसेल तर पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं रबर आतून ऑइल सोडतंय. आणि एक जागा सगळे विसरतात: रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी. ती मुठीत धरा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. बोटांना ती फुगलेली जाणवली, तर तुमच्या पायाचा जोर तिथेच मुरतोय. आणि कृपा करून क्लचच्या ऑइलच्या टाकीत ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइलने आतली रबरं फुगतात आणि सगळी किटं बदलावी लागतात.

फोर्क, म्हणजे क्लचला ढकलणारा लिव्हर, पुरता हलतो आणि क्लच तरीही सुटत नाही, तेव्हाच दोष आत. गाडी पावसाळाभर उभी होती का, हे मी सगळ्यात आधी विचारतो. कोकणात तर हमखास हेच होतं: प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटते. इंजिन बंद ठेवून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी दांडका ठोका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी सुटली नसेल, तर इंजिन तापवून बंद करा, गिअर घाला, पेडल दाबलेलं ठेवून स्टार्टर मारा. गाडी चालू लागेल. पेडल न सोडता ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. समोर मोकळं मैदान हवं, माणूस नको, आणि ब्रेक आधी तपासलेले हवेत. सुटताना 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी एकदम हलकी होते.

नाहीच सुटली, तर गिअरबॉक्स उतरवा. आत तीन गोष्टी बघा. क्रँकच्या टोकातलं पायलट बुश गिअरबॉक्सच्या शाफ्टला धरून बसलंय का, हे बाहेरून कळतच नाही. शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) प्लेट बोटाने मागेपुढे सरकते का. आणि आधीच्या माणसाने प्लेट उलटी तर बसवली नाही ना. चढवताना गिअरबॉक्सचा भार क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका, तिचं मधलं हब वाकतं. खाली जॅक लावा.

आणि मे संपायच्या आत तो लाकडी दांडका शोधून ठेवा. गाडी चार महिने उभी राहणार असेल, तर तो आधीच पेडलला लावून ठेवा, म्हणजे प्लेट चिकटणारच नाही.